तारेचे नेट मधूनमधून तुटते तेव्हा : लहान कार्यालयासाठी तपासणीचा क्रम

नेट पूर्णपणे बंद पडले तर दुरुस्ती तुलनेने सोपी असते, कारण बिघाड समोरच उभा असतो. दिवसातून चार-सहा वेळा अर्ध्या मिनिटासाठी जाणारे आणि कोणी हात लावण्याआधीच परत येणारे नेट मात्र महिनोन्महिने छळते. तंत्रज्ञ येतो तेव्हा नेमके सगळे सुरळीत चाललेले असते. तो राउटर बंद करून चालू करतो, एखादी वायर दाबून बसवतो, पैसे घेऊन जातो, आणि जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी पडदा पुन्हा थिजतो.

ज्या कार्यालयात स्वतंत्र आयटी विभाग नाही आणि ‘संगणकातले थोडेफार कळते’ म्हणून हे काम एकाच कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडलेले आहे, अशांसाठी हा लेख आहे. रचना साधारण अशी धरली आहे : सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेली फायबरची पेटी, तिच्यातच असलेला किंवा तिला जोडलेला राउटर, त्याखाली आठ, सोळा किंवा चोवीस पोर्टचा (केबल खोचायच्या खाचांचा) साधा स्विच, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी, आणि स्विचमधून संगणक, प्रिंटर, बोटाच्या ठशाने हजेरी घेणारे यंत्र व कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर यांच्याकडे गेलेल्या लॅन केबल. संगणक विंडोजचे आहेत असे गृहीत धरले आहे. पुढे दिलेल्या आज्ञा आणि पत्ते देवनागरीत लिहिले असले, तरी कमांड प्रॉम्प्टमध्ये ते रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांतच टंकावे लागतील.

सगळ्या तपासणीचा गाभा एवढाच आहे की जोडणी नेमकी कोणत्या टप्प्यावर तुटते हे आधी ठरवायचे आणि मगच कशालाही हात लावायचा. हे न ठरवता केलेली प्रत्येक अदलाबदल पुरावा पुसून टाकते.

सुरू करण्यापूर्वी काय जवळ हवे

- कारखान्यात तयार झालेल्या, नव्या दोन पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या लहान लॅन केबल. हाताने कनेक्टर दाबून बसवलेल्या (क्रिंप केलेल्या) चालणार नाहीत, कारण तपासणीचे साधनच संशयास्पद असेल तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही.
- लॅन पोर्ट असलेला एक लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर.
- पाच किंवा आठ पोर्टचा एक जादा स्विच. विकत घ्यायचा नसेल तर दुकानातून दोन दिवसांसाठी मागून आणावा.
- दिव्यांचा साधा केबल टेस्टर. त्याच्या मर्यादा पायरी ५ मध्ये सांगितल्या आहेत.
- राउटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड. अनेक कार्यालयांत तो फक्त जुन्या तंत्रज्ञालाच ठाऊक असतो. तो आजच मिळवा.
- नेटच्या जोडणीचा ग्राहक क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक आणि स्विच व राउटरची खरेदी-बिले. वॉरंटी शिल्लक असेल तर बिलाशिवाय तिचा उपयोग नाही.
- वही, पेन आणि वायरींना लावायच्या चिठ्ठ्या.

हिशेबाची माहिती एका संगणकावर ठेवून बाकीचे संगणक ती नेटवर्कवरून उघडत असतील, तर सर्वांत आधी तिचा बॅकअप घ्या. नोंद लिहिली जात असताना मध्येच जोडणी तुटल्यास फाइल खराब होऊ शकते, आणि तपासणीत तर तुम्ही स्वतःच जोडण्या काढणार आहात.

पायरी १ : तक्रार मोघम ठेवू नका

‘नेट जाते’ या वाक्यातून काहीही कळत नाही. दोन-तीन दिवस प्रत्येकाला सांगा की अडथळा आला की तीन गोष्टी लिहा : किती वाजता, कोणत्या टेबलावर आणि नेमके काय थांबले. फक्त संकेतस्थळे उघडत नव्हती, की कार्यालयातलाच प्रिंटर आणि सामायिक फोल्डरही सापडत नव्हते, हा भेद सर्वांत मोलाचा आहे. प्रिंटरही गायब होत असेल तर दोष कार्यालयाच्या आत आहे, आणि सेवा कंपनीला फोन करून काहीच साधणार नाही.

वेळांच्या नोंदीही पुष्कळ काही सांगून जातात. दुपारी एसी सुरू होतो तेव्हा, लिफ्ट चालते तेव्हा, वीज जाऊन इन्व्हर्टर लागतो तेव्हा, किंवा कोणी विशिष्ट खुर्ची मागे सरकवतो तेव्हा नेट जात असेल, तर कारण जवळपास हाती लागलेच आहे.

पायरी २ : नकाशा काढा आणि चिठ्ठ्या लावा

स्विचच्या कोणत्या पोर्टमधून कोणती केबल कोणत्या टेबलाकडे जाते, याचा कागदावर साधा आराखडा काढा आणि केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण एखादी केबल कुठून कुठे जाते ते कोणालाच सांगता येत नसेल तर पुढचे काहीही खात्रीने करता येत नाही. याच वेळी टेबलाखाली, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा कपाटामागे कोणी बसवून विसरलेला छोटा स्विच सापडतो. तो नकाशावर ठळक दाखवा. नंतर तोच गुन्हेगार निघण्याची शक्यता बरीच असते.

पायरी ३ : तीन ठिकाणी एकाच वेळी पिंग चालू ठेवा

ज्या संगणकावर त्रास होतो, तिथे आधी वायफाय बंद करा. लॅपटॉपवर वायफाय आणि लॅन दोन्ही चालू असतील तर तार तुटताच तो गुपचूप वायफायवर जातो आणि तुम्हाला सगळे ठीक दिसते.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो तो राउटरचा पत्ता, बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि पुढील तीन ठिकाणी पिंग लावा, म्हणजे ‘पिंग’ (ping) आणि पुढे पत्ता लिहून त्या उपकरणाकडून उत्तर येते का ते विचारा. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी ‘-टी’ (-t) लिहिले की तुम्ही थांबवेपर्यंत पिंग चालू राहते.

पहिले ठिकाण राउटर. दुसरे, कार्यालयातीलच एखादे उपकरण, शक्यतो हजेरीचे यंत्र किंवा डीव्हीआर, कारण विंडोजचे फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही आणि काही प्रिंटर झोपी जातात. तिसरे, बाहेरचा ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता. तिन्ही खिडक्या दिवसभर चालू ठेवा. अडथळा आला की घड्याळ पाहून वेळ लिहा आणि तिन्हींत काय दिसते ते पाहा.

राउटर आणि कार्यालयातले उपकरण दोन्ही उत्तर देत आहेत, फक्त ८.८.८.८ गप्प आहे, असे असेल तर दोष राउटरच्या पलीकडे किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. सरळ पायरी ८ कडे जा. राउटर गप्प पण कार्यालयातले उपकरण बोलते, असे असेल तर राउटर किंवा त्याला स्विचशी जोडणारी केबल संशयित ठरते. तिन्ही एकदम गप्प झाले तर या संगणकाची केबल, त्याचे लॅन कार्ड किंवा स्विच यांपैकी काहीतरी बिघडले आहे. अशा वेळी लगेच शेजारच्या टेबलावर विचारा. तिथे सगळे चालू असेल तर पायरी ४ आणि ५, सर्वांचेच गेले असेल तर पायरी ६. आणि ८.८.८.८ व्यवस्थित उत्तर देत असतानाही संकेतस्थळे उघडत नसतील, तर तार निर्दोष असून नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडकते आहे. राउटरमध्ये दुसरा डीएनएस पत्ता घालून पाहा.

पडद्यावर येणारा संदेशही वाचण्यासारखा असतो. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे विचारणा गेली, पण ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर तुमच्याच संगणकाच्या पत्त्यावरून आलेले दिसत असेल, तर स्थानिक नेटवर्कमध्ये ते उपकरण सापडलेच नाही. ‘जनरल फेल्युअर’ दिसले तर विचारणा संगणकातून बाहेरच पडली नाही; त्या क्षणी बहुधा तारेची जोडणीच तुटलेली असते.

तारेवर राउटरचे उत्तर साधारणपणे एका मिलिसेकंदाच्या आत येते. उत्तर येते आहे, पण वेळ मध्येच शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर उसळी घेते, असे दिसले तर त्या वेळी कोणता संगणक मोठा बॅकअप पाठवत होता ते आधी विचारा. तो केवळ गर्दीचा परिणाम असू शकतो आणि त्यासाठी केबल बदलणे व्यर्थ आहे. बाहेरच्या पत्त्यावरचे एखाददुसरे उत्तर हरवले म्हणून घाबरू नका. राउटरवरची उत्तरे मात्र हरवता कामा नयेत. थांबवताना कंट्रोल आणि सी दाबले की किती टक्के उत्तरे हरवली याचा गोषवारा मिळतो. तो वहीत उतरवून ठेवा.

पायरी ४ : जोडणी तुटते, की जोडणी असूनही माहिती पोहोचत नाही?

हे दोन वेगळे आजार आहेत. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ नोंदी पाहा आणि वहीतल्या वेळांशी त्या ताडा. लॅन कार्ड इंटेलचे असेल तर ‘नेटवर्क लिंक इज डिसकनेक्टेड’ ही नोंद बहुधा २७ क्रमांकाने येते. इतर कार्डांच्या नोंदींचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून क्रमांकापेक्षा मजकूर पाहावा. अडथळ्याच्या वेळीच अशी नोंद असेल तर कारण केबल, कनेक्टर, पोर्ट, कार्ड किंवा स्विचच्या विजेत आहे. नोंद नसेल, पण पिंग तुटलेले असेल, तर पायरी ७ मधील पत्त्यांच्या गोंधळाकडे आधी वळा.

याच वेळी जोडणीचा वेगही पाहून घ्या. संगणक आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे (१००० एमबीपीएस वेगाचे) असून सेटिंग्जमध्ये वेग फक्त १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर तो फार बोलका पुरावा आहे. १०० एमबीपीएसला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटलेली अथवा ढिली असण्याची दाट शक्यता आहे. हजेरीचे यंत्र किंवा जुना प्रिंटर मात्र मुळातच १०० चा असतो. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

नेटस्टॅट -ई (netstat -e) ही आज्ञा दिल्यास ‘एरर्स’ची ओळ दिसते. तासाभराने पुन्हा पाहिल्यावर आकडा वाढला असेल तर केबलवर संशय घ्या. आकडा शून्यच राहिला म्हणून केबल निर्दोष ठरत नाही, कारण काही ड्रायव्हर या चुका मोजतच नाहीत.

पायरी ५ : त्रास एकाच टेबलाला असेल तर केबल

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर किमान तेवढा वेळ थांबा जेवढ्या वेळात पूर्वी अडथळा हमखास येत असे. क्रम असा ठेवा : आधी टेबलावरची पॅच कॉर्ड, मग स्विचकडची, मग स्विचचा पोर्ट, मग संगणकाच्या जागी लॅपटॉप. एवढे करूनही त्रास राहिला तर भिंतीतून गेलेली केबल किंवा तिच्या टोकाचा आय-ओ बॉक्स, म्हणजे केबल खोचायची भिंतीवरची पेटी, उरतो. खात्रीसाठी एक लांब तयार केबल जमिनीवरून तात्पुरती टाकून दिवसभर काम करून पाहा.

पुढील दोष लहान कार्यालयांत वारंवार आढळतात.

कनेक्टरची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असते. केबल आत असल्यासारखी दिसते, पण पाय लागला की क्षणभर सुटते. असा कनेक्टर चिकटपट्टीने बांधू नका. कापून नवा लावा किंवा पॅच कॉर्डच बदला.

केबल अपुरी पडली म्हणून मध्येच तारा पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते. विजेच्या वायरीला सवयीने दिलेला असा जोड लॅन केबलला चालत नाही, कारण जोड्यांचा पीळ तिथे उलगडतो. काहीच पर्याय नसेल तर दोन केबलचे कनेक्टर जोडणारा कपलर वापरा. उत्तम उपाय म्हणजे अखंड केबल.

रंगांचा क्रम चुकलेला असतो. आपल्याकडे सहसा टी-५६८-बी हा क्रम वापरतात : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण चारही जोड्या ओळीने शेजारी-शेजारी बसवतात. दोन्ही टोके सारखी असल्याने दिव्यांचा टेस्टर ती केबल बिनचूक ठरवतो, पण तिसरी आणि सहावी तार एकाच जोडीची नसल्याने चुका होत राहतात. टेस्टर फक्त तार सलग आहे की नाही एवढेच सांगतो, म्हणून कनेक्टरमधले रंग डोळ्यांनी तपासा. टेस्टर लावलेला असताना केबल टोकापाशी हलकेच हलवूनही पाहा. दिवा मिचकावला तर दोष सापडला.

केबलच हलकी असते. तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते. ती वजनाला हलकी असते आणि तार ब्लेडने खरवडल्यास आत चंदेरी दिसते. तिचा विद्युत रोध जास्त असतो, आणि दोन-चारदा वाकवल्यावर ती आतल्या आत तुटते. मानकांना शुद्ध तांब्याचीच केबल अपेक्षित आहे. केबलवरूनच वीज मिळणारा कॅमेरा किंवा फोन असेल तर मुलाम्याची केबल अजिबात वापरू नका. दुकानदाराने ‘कॅट सिक्स’ म्हटले म्हणून समाधान मानू नका; तांबे आहे का, ते स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

एकूण लांबीची मर्यादा १०० मीटर आहे : भिंतीतली केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. लहान कार्यालयात ती सहसा ओलांडली जात नाही, पण तळमजल्यावरच्या गोदामापर्यंत केबल नेली असेल तर मोजून पाहा. केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान वळण देऊ नका, खिळे ठोकून तिला चेपू नका आणि विजेच्या वायरी असलेल्या केसिंग-पट्टीतून ती नेऊ नका. विजेबरोबर नेण्यात हस्तक्षेपाचा त्रास आहेच, शिवाय ते धोकादायकही आहे. फॉल्स सीलिंगच्या वर उंदरांनी कुरतडलेली केबल तर पाहिल्याशिवाय कळतच नाही.

केबलमध्ये दोष नसेल तर संगणकाच्या लॅन कार्डाकडे वळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढा. ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ किंवा ‘ग्रीन इथरनेट’ असेल तर ते बंद करून पाहा. काही कार्ड-स्विचच्या जोड्यांचे त्यामुळे पटत नाही. तिथलाच ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हा पर्याय ‘ऑटो’वर आहे ना, हेही पाहा. पूर्वी कोणीतरी तो ‘१०० फुल’ असा पक्का केला असेल, तर स्विच स्वतःहून हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) धरतो आणि काम वाढले की जोडणी अडखळते.

पायरी ६ : सगळ्यांचे एकदम जात असेल तर स्विच आणि त्याची वीज

अडथळ्याच्या क्षणी स्विचचे दिवे पाहायला कोणाला तरी सांगून ठेवा. सगळे दिवे विझून पुन्हा लागले तर स्विचची वीज जाते आहे. ढिला पिन, जुनाट एक्स्टेंशन बोर्ड किंवा म्हातारा झालेला पॉवर अडॅप्टर ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिनची ध्रुवता तीच असावी. वीज जाऊन बॅकअप लागण्याच्या क्षणी स्विच बंद पडत असेल, तर स्विच, राउटर आणि फायबरची पेटी तिन्ही यूपीएसवर घ्या. एक घेऊन बाकीचे दोन विसरण्याची पद्धत फार रूढ आहे.

बंद लाकडी कपाटात ठेवलेला स्विच तापतो. अनेक लहान स्विच ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठीच बनवलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातल्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीतले बंद कपाट ती मर्यादा सहज ओलांडते. कपाटाचे दार दोन दिवस उघडे ठेवून फरक पडतो का ते पाहा.

सगळे दिवे न विझता एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि कोणालाच काही मिळत नसेल, तर कुठेतरी लूप झाला आहे, म्हणजे माहिती नेटवर्कमध्येच गोल गोल फिरते आहे. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये किंवा आधीच एकमेकांना जोडलेल्या स्विचमध्ये घातली गेली आहेत. मोकळी लोंबणारी वायर पाहून सफाई करणारी किंवा नवी आलेली व्यक्ती ती चांगल्या हेतूने भिंतीत खोचते, आणि साध्या स्विचला हा फेरा ओळखता येत नाही. केबल एकेक करून काढा. जी काढताच लुकलुक शांत होईल ती दोषी.

इमारतीबाहेरून, विशेषतः दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली असेल तर पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरते आणि विजांच्या दिवसांत पोर्ट जळतात. तिथे फायबरच योग्य.

पायरी ७ : पत्त्यांचा गोंधळ

प्रिंटर, डीव्हीआर किंवा हजेरीचे यंत्र बसवणारा माणूस त्याला हाताने एक पक्का आयपी पत्ता देऊन जातो. राउटर तोच पत्ता पुढे एखाद्या संगणकाला वाटतो, आणि मग दोघेही आळीपाळीने गायब होतात. संशयित उपकरणाची केबल काढा आणि त्याच्या पत्त्यावर पिंग करा. उपकरण सुटलेले असूनही उत्तर आले तर तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. लगेच एआरपी -ए (arp -a) ही आज्ञा द्या. त्या पत्त्यासमोर दिसणारा मॅक क्रमांक (उपकरणाची कारखान्यातच दिलेली ओळख) दुसऱ्या उपकरणाचा असेल. कायमचा उपाय असा : राउटरने वाटायच्या पत्त्यांचा शेवटचा आकडा १०० ते १९९ असा मर्यादित करा आणि पक्के पत्ते १०० च्या खालीच द्या. कोणाला कोणता दिला ते नकाशावरच लिहा.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. कोणीतरी वायफाय वाढवण्यासाठी घरचा जुना राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टने स्विचला जोडतो, आणि आता दोन राउटर पत्ते वाटू लागतात. त्रास होत असताना आयपीकॉन्फिग /ऑल (ipconfig /all) ही आज्ञा द्या. ‘डीएचसीपी सर्व्हर’समोर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या उपकरणाच्या जागी, तुमच्या राउटरऐवजी भलताच पत्ता दिसला तर तो आगंतुक राउटर शोधा आणि त्यातली डीएचसीपी सेवा बंद करा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कोणाकडूनच पत्ता मिळालेला नाही.

पायरी ८ : दोष बाहेरचा ठरला तर

सेवा कंपनीकडे तक्रार करताना वहीतल्या वेळा सांगा आणि त्या वेळी राउटर उत्तर देत होता, बाहेरचा पत्ता देत नव्हता, हे स्पष्ट सांगा. फायबरच्या पेटीवरचा ‘लॉस’ दिवा लाल झाला होता का, तेही नोंदवा. तो लाल असेल तर प्रकाशाचा संकेतच पोहोचत नव्हता आणि फायबर कुठेतरी जास्त वाकलेले किंवा दुखावलेले असू शकते. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. कंपनीने ‘तुमच्या वायरिंगमध्ये दोष आहे’ म्हटले तर लॅपटॉप थेट त्यांच्या पेटीला नव्या पॅच कॉर्डने जोडून तीच पिंग दाखवा.

पायरी ९ : दुरुस्ती झाली हे कशावरून ठरवायचे

अडथळा दोन दिवसांतून एकदा येत असेल तर दोन तास नीट चालले यावर विसंबू नका. आठवडाभर पिंग चालू ठेवा आणि पायरी ३ मध्ये लिहिलेल्या गोषवाऱ्याशी नवा ताडून पाहा. काय बदलले आणि कोणत्या तारखेला, ते नकाशाच्या मागे लिहून तो कागद स्विचजवळच चिकटवा.

सदोष ठरलेली पॅच कॉर्ड मधोमध कापून टाका. खणात ठेवली तर पुढच्या महिन्यात कोणीतरी ती ‘चांगली दिसते’ म्हणून नव्या संगणकाला लावेल.